शस्त्रक्रियेची खतावणी

"शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रोगी मात्र दगावला," हा विनोद सुशिक्षित घरांतून अनेकदां ऐकूं येतो. तो ऐकून हंसूं येतें याचें कारण असें कीं, यश या एकाच शब्दाचे दोन अर्थ त्यांत एकमेकांवर आदळतात. शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें यश म्हणजे हात ठरल्याप्रमाणें चालला, गांठ निघाली, रक्त थांबलें, टांके नीट बसले. रोग्याच्या दृष्टीनें यश म्हणजे तो घरीं परतला, कामाला लागला, आणि ज्या दुखण्यासाठीं त्यानें शस्त्राखालीं अंग दिलें तें दुखणें गेलें. हे दोन अर्थ एक नव्हेत, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत फार उशिरां ध्यानांत आली. आणि ती उघडपणें बोलून दाखविणाऱ्या माणसाला त्याची किंमतहि भारी द्यावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्रवैद्याचें कौशल्य घड्याळानें मोजलें जाई. खात्रीची भूल देण्याचें साधन नव्हतें. रोग्याला चार माणसें दाबून धरीत, आणि शक्य तितक्या त्वरेनें हात किंवा पाय कापून त्याला मोकळें करीत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत, विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका रोग्याला ईथर हुंगविलें आणि जॉन वॉरन यांनीं त्याच्या मानेवरील गांठ काढली. वेदना जिंकली गेली. परंतु वेदना गेली म्हणून मृत्यु गेला नाहीं. रोगी आतां स्वस्थ पडून राहूं लागला, त्यामुळें शस्त्रवैद्य अधिक खोल आणि अधिक लांबलेल्या शस्त्रक्रियांना हात घालूं लागले. जखमा मात्र पूर्वींसारख्याच सडत राहिल्या.

या सडण्यावर तोड काढली ती ग्लासगो येथील जोसेफ लिस्टर यांनीं. १२ ऑगस्ट १८६५ या दिवशीं जेम्स ग्रीनलीज नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. गाडीचें चाक पायावरून गेल्यानें त्याचें हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमेचा शेवट त्या काळीं बहुधा पाय कापण्यांत, नाहीं तर मृत्यूंत होई. लिस्टर यांनीं ती जखम कार्बोलिक अॅसिडानें धुऊन त्याच द्रव्यांत भिजविलेल्या कापडानें बांधली, आणि सहा आठवड्यांत मुलाचें हाड सांधलें. परंतु एका मुलाच्या बरें होण्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं, हें लिस्टर जाणून होते. त्यांनीं आपल्या वॉर्डांतील अवयवच्छेदाच्या शस्त्रक्रिया मोजल्या. नव्या पद्धतीपूर्वींच्या, म्हणजे १८६४ आणि १८६६ या दोन सालीं, ३५ रोग्यांपैकीं १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर १८६७ ते १८६९ या तीन सालांत ४० पैकीं ६ दगावले. म्हणजे शेंकडा ४६ चें प्रमाण शेंकडा १५ वर आलें. हे आंकडे १८७० सालीं प्रसिद्ध करतांना, ते तुलनेसाठीं लहान आहेत, ही मर्यादाहि लिस्टर यांनीं स्वतःच नमूद केली. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

मोजण्याची ही वृत्ति आणखीहि कांहीं थोरांच्या ठिकाणीं होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें अशी योजना मांडली कीं, सर्व रुग्णालयांनीं आपल्या रोग्यांचे हिशेब एकाच नमुन्यावर ठेवावेत. व्हिएन्ना येथील थिओडोर बिलरोथ हे तर आपलें अपयशहि छापून टाकण्याविषयीं प्रसिद्ध होते. २९ जानेवारी १८८१ रोजीं त्यांनीं एका त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगानें ग्रासलेला भाग कापून काढला आणि उरलेलें जठर आंतड्याला जोडलें. अशा शस्त्रक्रियेंतून रोगी वांचण्याचा तो पहिला प्रसंग. ती स्त्री हिंडूंफिरूं लागली, अन्न खाऊं लागली, आणि साऱ्या युरोपांत त्या विजयाचा डंका वाजला. सुमारे चार महिन्यांनीं तोच रोग उलटून ती मरण पावली. मग या शस्त्रक्रियेला काय म्हणावयाचें, यश कीं अपयश? त्याचें उत्तर रुग्णालयाच्या दारांत मिळत नाहीं. तें मिळण्यासाठीं रोग्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जावें लागतें.

रोग्याच्या मागोमाग जाण्याचें व्रत ज्यांनीं जन्मभर चालविलें, त्यांचें नांव अर्नेस्ट अॅमरी कॉडमन. त्यांचा जन्म १८६९ सालीं बोस्टनमधील एका सुखवस्तु घराण्यांत झाला. हार्वर्ड विद्यापीठांत वैद्यक शिकत असतां हार्वी कुशिंग हे त्यांचे स्नेही होते; मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक म्हणून पुढें जगप्रसिद्ध झाले तेच हे कुशिंग. त्या दिवसांत ईथर देण्याचें काम विद्यार्थ्यांवर सोंपवीत आणि तें कसें द्यावें याचें शिक्षण जवळजवळ कोणी देत नसे. कुशिंग यांच्या हातून भूल दिली जात असतां एक रोगी दगावला. तरुण कुशिंग इतके खचले कीं, वैद्यक सोडून द्यावें असें त्यांच्या मनांत आलें. अखेर दोघां मित्रांनीं, अधिक चांगली भूल कोण देतो, अशी एका जेवणाची पैज लावली. पैजेचा निवाडा व्हावयाचा तर कांहीं तरी मोजलें पाहिजे. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याची नाडी व श्वास दर थोड्या वेळानें मोजून ते एका तक्त्यावर मांडूं लागले. साल होतें १८९४. आज जगांतील प्रत्येक शस्त्रक्रियागृहांत रोग्याच्या उशाशीं जो तक्ता असतो, त्याचें मूळ या दोन विद्यार्थ्यांच्या पैजेंत आहे.

कॉडमन पुढें मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत शस्त्रवैद्य झाले. तेथें त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. रुग्णालय वर्षाचा अहवाल छापी. त्यांत किती रोगी आले, किती खाटा भरल्या, किती पैसा खर्च झाला हें सर्व असे. परंतु जे आले त्यांचें पुढें काय झालें, हें एका ओळींतहि नसे. एखाद्या कारखानदारानें किती कोळसा जाळला तें सांगावें आणि माल कसा निघाला तें सांगूं नये, तशांतला हा प्रकार! कॉडमन यांचा विचार अगदीं साधा होता. प्रत्येक रुग्णालयानें आपल्या प्रत्येक रोग्याची चौकशी, उपचाराचा गुण आला कीं नाहीं हें निश्चित कळेपर्यंत करीत राहावें. आणि गुण आला नसेल तर कां आला नाहीं याचा शोध घ्यावा, म्हणजे तीच चूक पुन्हां घडणार नाहीं. या विचाराला त्यांनीं "अखेरचा परिणाम" असें नांव दिलें. साधनहि तितकेंच साधें होतें. प्रत्येक रोग्याच्या नांवाचें एक कार्ड. त्यावर दुखण्याचीं लक्षणें, शस्त्रक्रियेपूर्वींचें निदान, केलेला उपचार, उद्भवलेले उपद्रव, घरीं जातांनाची स्थिति, आणि एका वर्षानंतर रोग्याला बोलावून किंवा पत्र घालून मिळविलेली हकीगत. आपल्याकडील व्यापाऱ्याला यांत नवल वाटणार नाहीं. रोजकीर्दींतील प्रत्येक रक्कम खतावणींत त्या त्या माणसाच्या नांवावर चढली पाहिजे आणि खातें मिटेपर्यंत उघडें राहिलें पाहिजे, हा पेढीचा पहिला नियम आहे. कॉडमन यांनीं तोच नियम माणसांच्या जिवाला लावला.

१९१० सालच्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें एका घोडागाडीच्या प्रवासांत त्यांनीं आपली कल्पना फिलाडेल्फियाचे डॉ. एडवर्ड मार्टिन यांना समजावून सांगितली. त्या संभाषणांतून, अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांची एक संस्था असावी आणि तिनें रुग्णालयांना शिस्त लावावी, हा विचार पुढें आला. १९१३ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्था स्थापन झाली आणि रुग्णालयांचा दर्जा ठरविण्यासाठीं नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद कॉडमन यांच्याकडे आलें.

परंतु सांगणें निराळें आणि करून दाखविणें निराळें. १९११ सालीं कॉडमन यांनीं बोस्टनमध्यें स्वतःचें लहानसें रुग्णालय काढलें आणि तेथें आपल्याच पद्धतीनें काम सुरू केलें. १९११ ते १९१६ या काळांत तेथून ३३७ रोगी घरीं गेले; आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनीं नोंदविल्या. चुकांची त्यांनीं वर्गवारी केली होती. कांहीं चुका ज्ञान किंवा हस्तकौशल्य कमी पडल्यानें होत. कांहीं निर्णय चुकल्यानें. कांहीं शुश्रूषेच्या किंवा साधनांच्या उणिवेनें. कांहीं निदान हुकल्यानें. यांहून निराळे म्हणून त्यांनीं ते प्रसंग काढले, ज्यांत रोगच हाताबाहेरचा होता किंवा रोग्यानेंच उपचार नाकारला. आणि शेवटीं उरत ते ज्यांवर माणसाचा कांहींच इलाज चालत नाहीं असे अपघात; तेहि लपवूं नयेत, स्वतःशीं आणि लोकांपुढें कबूल करावेत, असें त्यांचें म्हणणें. पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेंत त्यांच्या हातून पित्त वाहून नेणारी नळीच बांधली गेली आणि रोगी दगावला. ही चूक आपल्या कौशल्याच्या उणिवेची आहे, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां छापलें. हे अहवाल त्यांनीं स्वखर्चानें छापून देशांतील इतर रुग्णालयांकडे पाठविले. पाठविण्यांतला अर्थ उघड होता: आम्हीं आमची खतावणी उघडली आहे, तुम्हींहि उघडा.

कोणीहि उघडली नाहीं. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत बढती मिळे ती सेवेच्या वर्षांवरून. त्याचा निषेध म्हणून १९१४ सालीं कॉडमन यांनीं राजीनामा दिला, आणि लागलीच मुख्य शस्त्रवैद्याच्या जागेसाठीं अर्ज केला! कारण काय, तर आपल्या रोग्यांचे अखेरचे परिणाम इतरांहून चांगले आहेत. या अर्जांतली खोंच अशी कीं, तो खोटा ठरवावयाचा तर इतरांना आपापले परिणाम पुढें मांडावे लागले असते. अर्ज अर्थातच मान्य झाला नाहीं.

मग आला ६ जानेवारी १९१५ चा दिवस. कॉडमन हे त्या वेळीं तेथील वैद्यमंडळाच्या शस्त्रक्रिया शाखेचे अध्यक्ष होते. रुग्णालयांची कार्यक्षमता या विषयावर त्यांनीं मोठी सभा बोलाविली. शहराचे मेयर जेम्स कर्ली हेहि तींत होते. सभेच्या शेवटीं कॉडमन यांनीं सुमारे आठ फूट लांबीचें एक व्यंगचित्र सर्वांपुढें उलगडलें. त्यांत एक शहामृग वाळूंत डोकें खुपसून उभा होता आणि मागच्या मागें सोन्याचीं अंडीं लाथाडीत होता. शहामृग म्हणजे बॅक बे या धनिक वस्तींतले लोक, अंडीं म्हणजे त्यांनीं डॉक्टरांना दिलेली फी, आणि तीं वेंचणारे म्हणजे शहरांतील नामांकित वैद्य व प्राध्यापक. रुग्णालयाचे विश्वस्त आणि हार्वर्डचे अध्यक्ष हेहि चित्रांतून सुटले नव्हते. लोकांना सत्य कळलें तर हीं अंडीं मिळत राहतील काय, असा प्रश्न त्या सर्वांच्या तोंडीं घातला होता. सभेंत एकच गोंधळ उडाला. कॉडमन यांना शाखेचें अध्यक्षपद सोडावें लागलें, हार्वर्डमधील अध्यापकाची जागा गेली, स्नेही दुरावले, रोगी पाठविणाऱ्या डॉक्टरांनीं पाठ फिरविली. व्यंगचित्र काढणें शहाणपणाचें होतें कीं नाहीं, याविषयीं दुमत होऊं शकेल. ज्या मंडळींकडून हिशेब मागावयाचा त्यांनाच भरसभेंत चोर ठरविलें, तर हिशेब मिळणें कठीणच. परंतु सौम्यपणें मागितलेला हिशेबहि तोंपर्यंत कोणी दिला नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

बीज मात्र पडलें होतें. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनें १९१८ सालीं शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. रोग्यांच्या नोंदी ठेवाव्यात, डॉक्टरांनीं ठराविक काळानें एकत्र बसून आपल्या कामाची चिकित्सा करावी, तपासणीची प्रयोगशाळा असावी, अशा अगदीं किमान अटी होत्या. त्यांत उतरलीं फक्त ८९! नापास झालेल्यांत देशांतील कांहीं अत्यंत नामांकित रुग्णालयें होतीं. १९१९ सालीं एकंदर आंकडे जाहीर झाले. परंतु रुग्णालयांच्या नांवांची यादी वर्तमानपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलांतील भट्टींत जाळून टाकण्यांत आली. निकाल लावावयाचा आणि निकालपत्रक जाळावयाचें, असा हा न्याय! तरी त्या परीक्षेच्या धाकानें रुग्णालयें सुधारूं लागलीं, आणि त्याच प्रयत्नांतून १९५१ सालीं अमेरिकेंत रुग्णालयांना मान्यता देणारी संयुक्त संस्था उभी राहिली.

कॉडमन स्वतः १९१७ च्या डिसेंबरांत कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत झालेल्या भीषण स्फोटानंतर तेथें मदतीला धांवले, मग सैन्याच्या वैद्यकीय सेवेंत गेले. १९२० सालीं त्यांनीं हाडाच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली: देशभरच्या शस्त्रवैद्यांनीं अशा प्रत्येक रोग्याची हकीगत एके ठिकाणीं पाठवावी, म्हणजे कोणत्या उपचारानें खरोखर कोण वांचलें तें कळेल. आज जागोजागीं कर्करोगाच्या ज्या नोंदवह्या चालतात, त्यांची ही वडील बहीण. १९३४ सालीं खांद्याच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९४० सालीं ते कर्करोगानेंच वारले. त्यांच्या थडग्यावर नांवाचा दगडहि बसविला गेला नव्हता. तो १९१५ च्या सभेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, २०१४ सालीं, शस्त्रवैद्यांच्या संस्थांनीं पुढाकार घेऊन बसविला.

अखेरचा परिणाम मोजल्यानें शस्त्रक्रियेंत केवढा पालट होतो, याचें ठळक उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचें. बाल्टिमोर येथील विल्यम हॉलस्टेड यांनीं १८९४ सालीं आपल्या पन्नास रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि कांखेंतील गांठी असें सर्व एकत्र काढून टाकावें, ही त्यांची पद्धति. छाती खोलगट होई, हात सुजे, खांदा आंखडे. परंतु जितकें अधिक कापावें तितका रोग अधिक समूळ जातो, ही समजूत इतकी दृढ होती कीं, ती पद्धति पाऊणशें वर्षें चालली. १९७१ सालापासून अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनीं १,६६५ स्त्रियांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, निरनिराळ्या उपचारांत वांटून त्यांचा पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या हकीगतींचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला: स्नायु कापलेल्या स्त्रिया इतरांपेक्षां अधिक जगल्या नाहींत. त्याच सालीं इटालींतील मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांनीं ७०१ स्त्रियांच्या वीस वर्षांच्या अनुभवावरून दाखविलें कीं, रोग लहान असतां स्तनाचा तेवढाच भाग काढून किरणोपचार केले तरी आयुर्मान तेंच राहतें. एवढ्या स्त्रियांनीं सोसलेलें अपंगत्व टळण्याजोगें होतें, हें कळावयाला कोणी तरी मोजावें लागलें.

मुंबईचाहि या कामांत वांटा आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत २००५ ते २०१३ या काळांत ३५० स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. प्रथम तपासणीच्या वेळींच ज्यांचा रोग शरीरांत अन्यत्र पसरला होता, अशा स्त्रियांच्या स्तनांतील मूळ गांठ काढल्यानें त्या अधिक जगतात काय, हा प्रश्न होता. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. शस्त्रक्रियादि उपचार झालेल्या गटाचें मध्यम आयुर्मान १९.२ महिने भरलें, न झालेल्यांचें २०.५ महिने, म्हणजे लाभ नाहीं. शस्त्र न उचलणें हाहि केव्हां केव्हां शस्त्रक्रियाशास्त्राचाच निर्णय असतो.

मोजण्यालाहि मात्र विवेक लागतो. न्यूयॉर्क संस्थानानें १९८९ पासून हृदयावरील रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियांचे परिणाम गोळा करून जाहीर करण्यास आरंभ केला. रोग्यांच्या मूळच्या अवस्थेचा फरक हिशेबांत धरून काढलेलें मृत्यूचें प्रमाण १९८९ मध्यें शेंकडा ४.१७ होतें, तें १९९२ मध्यें २.४५ झालें. परंतु टीकाकारांनीं रास्त शंका काढली कीं, आपला आंकडा बिघडूं नये म्हणून कांहीं शस्त्रवैद्य अत्यवस्थ रोग्याला हातच लावणार नाहींत. शाळेचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या मुलांना परीक्षेस बसूं न देण्याचा हा प्रकार. म्हणून रोग्याची मूळ स्थिति न पाहतां नुसते मृत्यु मोजणें हें न मोजण्याइतकेंच फसवें असतें. दुसरें उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासयादीचें. हाच रोगी, हीच बाजू, हीच शस्त्रक्रिया ना, साधनें मोजून घेतलीं ना, अशा १९ गोष्टी मोठ्यानें वाचून पडताळावयाच्या. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यु शेंकडा १.५ वरून ०.८ वर आणि उपद्रव ११ वरून ७ वर आल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें कॅनडांतील आँटेरिओ प्रांतांत १०१ रुग्णालयांवर ती लागू केली असतां म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, असें २०१४ सालीं दिसून आलें. एकच यादी एकीकडे जीव वांचविते आणि दुसरीकडे कागदावर राहते. ती मनःपूर्वक वाचली जाते कीं नुसत्या खुणा करून सारली जाते, यावर पुष्कळ अवलंबून असावें, असें जाणते लोक म्हणतात.

घरांत कोणावर शस्त्रक्रिया व्हावयाची वेळ आली म्हणजे माणसें घाबरीं होतात, आणि डॉक्टर देवासारखे आहेत म्हणून कांहींच विचारीत नाहींत. किंवा उलट, कांहीं बिघडलें कीं डॉक्टरांवर धांवून जातात. दोन्ही वृत्ति कॉडमन यांच्या शिकवणीच्या विरुद्ध आहेत. ज्या समाजांत चूक कबूल करणाऱ्याचीच मान कापली जाते, तेथें कोणी खतावणी उघडणार नाहीं. आणि जेथें कोणीच विचारीत नाहीं, तेथें ती लिहिली जाणार नाहीं. म्हणून आदरानें, शांतपणें तीन गोष्टी विचाराव्यात: ही शस्त्रक्रिया आपण किती जणांवर केली आहे; त्यांतून कोणते उपद्रव किती जणांना झाले; आणि वर्षानंतर ते रोगी कसे आहेत. ज्या डॉक्टरांपाशीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहिलेलें असेल, त्यांच्या हातीं आपलें माणूस सोंपवावयास हरकत नाहीं. आणि वर्ष उलटल्यावर रुग्णालयाकडून चौकशीचें पत्र आलें, तर आपण आतां बरे आहोंत, पत्राचें काय, असें म्हणून तें बाजूला न टाकतां त्याचें उत्तर अवश्य धाडावें. पुढच्या रोग्याचा उपचार त्यावरून ठरावयाचा असतो.